काटा मधोमध का उभा?

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकी घाटात बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतातच. पुढून वाफ निघत असते, मुलं खाली उतरून सावली शोधत असतात आणि गाडीचा मालक पाण्याची बाटली हातात धरून रेडिएटरकडे बघत असतो. त्याला विचारलं तर तो सांगतो, ‘काटा तर मधोमध होता.’ तो खोटं बोलत नसतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बऱ्याचदा अगदी शेवटपर्यंत मधोमधच असतो. तो तसा का असतो, यावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे.

वाद घालणारे दोघं. माझा थोरला भाऊ साताऱ्याला असतो. त्याची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि निवृत्तीनंतरही आसपासचे गॅरेजवाले अडलं की त्यालाच बोलावतात. माझी मुलगी चिंचवडला. गाडीचे मीटर, म्हणजे स्टिअरिंगमागचा काट्यांचा आणि दिव्यांचा अख्खा संच, तयार करणाऱ्या कारखान्यात ती इंजिनिअर आहे. दोघांचाही आपापल्या कामावर जीव, म्हणून भांडणही जीव तोडून. गेल्या उन्हाळ्यात ती आणि मी मामाकडे गेलो तेव्हा झालेलं बोलणं मी जमेल तेवढं उतरवते आहे. मधेमधे माझंही मत येईल, कारण गाडी मीही चालवते.

मामा : तुमच्या त्या काट्याला मी काटा म्हणतच नाही. गाडी सुरू केली की थोड्या वेळात तो मधे येतो आणि तिथेच खिळतो. खंबाटकी चढा, पसरणी चढा, वाईत गर्दीत तुंबून बसा, तो हलत नाही. इंजिन एवढं शांत असतं होय?

भाची : नसतं. पाण्याचं तापमान सारखं हलत असतं. काटा आम्ही थांबवलेला असतो.

मामा : आणि हे तू एवढं सरळ सांगतेस?

भाची : लपवण्यासारखं त्यात काही नाही, मामा. पाणी साधारण ७५ अंशांच्या पुढे गेलं की काटा मधे आणायचा आणि १०५, काही गाड्यांत ११० अंशांपर्यंत तिथेच ठेवायचा, असं मीटरच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं असतं. आकडे गाडीगणिक थोडे बदलतात. त्या पट्ट्याच्या वर गेलं की मात्र काटा भराभर लाल खुणेकडे जातो. फोक्सवॅगन गटाच्या कितीतरी गाड्यांवर तर ९० हा आकडाच छापलेला असतो आणि काटा नेमका त्याच्यावर उभा राहतो. आत पाणी ८० असो नाहीतर १००.

मामा : मग तो आकडा छापायचाच कशाला? मोजमाप म्हणून दाखवता आणि मोजलेलं दाखवत नाही.

भाची : आम्ही ते का करतो तेही ऐका ना. थर्मोस्टॅट कुठे ८२ ला उघडतो, कुठे ८८ ला. रेडिएटरचा पंखा ९५ ते १०० च्या दरम्यान कुठेतरी सुरू होतो, पाच-सहा अंश उतरले की बंद. गाडी सिग्नलला थांबली की पाणी तापतं, मोकळ्या रस्त्याला लागली की निवतं. घाटात सहज शंभरी ओलांडतं. हे सगळं निरोगी गाडीत होतं. काटा जर हे सगळं दाखवू लागला तर तो दिवसभर वरखाली करत राहील. मग माणूस घाबरून गाडी सर्व्हिस सेंटरला आणतो. दोन दिवस तपासतात, दोष सापडत नाही, कारण तो नसतोच. काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा येतो. म्हणून बहुतेक कंपन्या एकामागून एक या स्थिर काट्याकडे वळल्या.

मामा : घाबरतो तो नवा असतो म्हणून. आमच्या ड्रायव्हरांना कुणी इंजिनिअरिंग शिकवलं नव्हतं. कुंभार्ली घाट चढताना कुठल्या वळणावर काटा कुठे असतो, हे त्यांना पाठ होतं. एखाद्या दिवशी तो नेहमीपेक्षा जरासा वर दिसला की डेपोत आल्यावर सांगायचे, ‘आज गाडी गरम चालली.’ बघावं तर पट्टा सैल झालेला, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत पाचोळा भरलेला, नाहीतर वॉटर पंपाच्या भोकातून पाणी पाझरत असलेलं. गाडी रस्त्यात पडायच्या कितीतरी आधी काट्याने सांगितलेलं असायचं. तुझ्या काट्याला हे सांगता येतं का?

ती लगेच काही बोलली नाही. मला वाटतं, या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. त्या ड्रायव्हरला पाणी ९४ अंश आहे की ९८ हे कधीच कळत नव्हतं आणि कळण्याची गरजही नव्हती. त्याला कळायचं ते ‘कालच्यापेक्षा वेगळं’ काय ते. यंत्राचा बिघाड बहुतेक वेळा हळूहळू वाढतो आणि रोज बघणाऱ्या डोळ्यालाच तो दिसतो. काटा मधे बांधून ठेवला की तेवढंच नेमकं हरवतं.

भाची : मामा, पण जुना काटा खरं सांगायचा असं जे तुम्ही गृहीत धरता ना, ते मला मान्य नाही. तो हलायचा, एवढंच. हलणं म्हणजे अचूक असणं नव्हे.

मामा : जुन्या डिझेल गाड्यांचा मीटर तू उघडून बघितलास का कधी? ट्रॅक्टरला अजून येतो. इंजिनच्या हेडमध्ये एक पितळी गोळी, तिच्यातून तांब्याची केसासारखी बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत. गोळीत लवकर वाफ होणारं द्रव. हेड तापलं की आत दाब वाढणार, दाबाने मीटरमधली वाकडी नळी सरळ व्हायला बघणार, तिला जोडलेला काटा फिरणार. बॅटरी नको, वायर नको. बॅटरी काढून घरी नेली तरी काटा तापमान दाखवतो.

भाची : आणि ती बारीक नळी कुठे दबली किंवा तुटली की मीटर कायमचा मेला. जोडता येत नाही, अख्खा बदलावा लागतो. शिवाय त्यावर बहुतेकदा सी आणि एच, म्हणजे थंड आणि गरम, एवढंच. मधल्या खुणेला एका गाडीत ८० तर दुसऱ्या गाडीत ९०. त्याच्या नंतरचे विजेचे मीटर तर त्याहून वाईट. दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, तिच्याभोवती तापणारी तार. तार तापली की पट्टी वाकते आणि काटा ढकलते. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या गाड्यांत त्या मीटरला सरासरी १० व्होल्ट मिळावेत म्हणून एक छोटी डबी बसवलेली असे, उघडझाप करणारी. त्या डबीचा अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी, सुटला की मीटरला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळायचा. मग इंजिन थंड असतानाही काटा वर.

मामा : ते ओळखायची खूण ठाऊक आहे मला. टाकीत दोन लिटर पेट्रोल असताना पेट्रोलचा काटाही वर गेलेला दिसतो. दोन्ही काटे त्याच डबीवर चालायचे. दोन्ही एकदम चढले तर पाण्याला हात लावायचा नाही, डबी बघायची.

भाची : बघा, म्हणजे काट्याचं म्हणणं दुसऱ्या काट्यावरून तपासावं लागत होतं! आणि त्याच्याही मागे गेलात तर १९१० च्या दशकात अमेरिकेत ‘बॉइस मोटोमीटर’ नावाचं उपकरण निघालं होतं. रेडिएटरच्या झाकणावरच उभा थर्मामीटर, लाल द्रवाचा. चालवणाऱ्याने समोरच्या काचेतून तो बघायचा. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पाण्याचा पंपही नव्हता आणि तापमानाचा मीटरही नव्हता, त्यामुळे लोक तो हौसेने विकत घेऊन लावायचे. पण तो मोजायचा पाण्याच्या वर साठलेल्या हवेचं आणि वाफेचं तापमान. इंजिनच्या पोटात काय चाललंय ते नाही. सुरुवातीपासून आपण कुठलं तरी एक ठिकाण मोजतो आणि त्यावरून अख्ख्या इंजिनचा अंदाज बांधतो.

मामा : आजचा सेन्सर तरी वेगळं काय करतो?

भाची : तेच. फक्त ठिकाण जास्त विचारपूर्वक निवडलेलं असतं. पितळी कवचात एक छोटासा घटक असतो. गरम झाला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास, १०० ला दोनशेच्याही आत. आता यातली गोम बघा. थंडीत एका अंशाने शंभरेक ओहमचा फरक पडतो. शंभरीजवळ पाच-सहा ओहमचाच. म्हणजे जिथे धोका, तिथेच फरक बारीक. कनेक्टरमध्ये गंज चढून वीस ओहम वाढले तर थंड इंजिनला काही कळणारही नाही, पण शंभरीला काटा किंवा आकडा तीन-चार अंश कमी दाखवेल. चूक होते ती उलट्या बाजूला. इंजिन खरोखर असेल त्यापेक्षा थंड दिसतं.

मामा : आणि एका वायरचा जुना सेन्सर असेल तर टेफ्लॉन टेपचंही तेच. पाणी गळू नये म्हणून पोरं आट्यांवर चांगली जाड टेप गुंडाळतात. त्या सेन्सरला अर्थ मिळतो तो आट्यांतून. टेपने अर्थ तुटतो, काटा खाली बसतो आणि मालक खूश, गाडी आता थंड चालते म्हणून! त्या एका गोष्टीपायी मी गॅरेजवाल्या पोरांवर ओरडलो आहे.

भाची : वायर तुटली की काटा थंड दाखवतो, वायर बॉडीला टेकली की एकदम लालमध्ये. म्हणून थंड इंजिनवर चावी फिरवताच काटा थेट वर गेला तर समजायचं की वायर बॉडीला लागली. इंजिन एका क्षणात तापत नाही.

इथवर दोघं एकमेकांच्या माहितीत भर घालत होते. खरी चकमक पुढच्या प्रश्नावर झाली, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा भाग मला तरी हाच वाटतो.

मामा : बरं, तुझा सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. पाणीच नसलं तर?

भाची : तर तो मोजत नाही.

मामा : नीट सांग. लोकांना कळू दे.

भाची : सेन्सर पाण्यात बुडलेला असायला हवा. होस पाइप फाटला, पाणी सगळं वाहून गेलं, तर सेन्सरभोवती उरते हवा आणि थोडी वाफ. पाणी जशी धातूची उष्णता सेन्सरपर्यंत आणून देतं तशी हवा देत नाही. हेड तापून लाल व्हायच्या बेतात असताना सेन्सर ८०-९० दाखवू शकतो. कधी वाहत्या हवेने आणखी खाली उतरतो.

मामा : खाली उतरतो! हेच मी सगळ्यांना सांगत आलो. चालत्या गाडीत काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. काटा वर गेला तर थोडा तरी वेळ असतो. पडला तर वेळ संपलेला असतो. अशाने हेड वाकतं, गॅस्केट जाते, पिस्टन चिकटतात. फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, हेड वाचलं तर नशीब. आणि तुझ्या मधोमध बांधलेल्या काट्यात तो नव्वदवरून ऐंशीवर पडला हे दिसणार कुठे? तो तुझ्या पट्ट्याच्या आतच आहे.

भाची : नाही दिसणार. या बाबतीत तुमचं बरोबर आहे. स्थिर पट्टा वरच्या बाजूचा धोका थोडा उशिरा दाखवतो, पण पाणी गेल्याचा धोका तो जवळजवळ झाकतो. म्हणून काही कंपन्यांनी सेन्सर पाण्याऐवजी हेडच्या धातूत बसवायला घेतला. फोर्डच्या बऱ्याच इंजिनांत तसा आहे. पाणी गेलं तरी धातूचं तापमान कळतं. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनात तर १९९० च्या दशकापासून सोय होती की इंजिन फार तापलं की संगणक आळीपाळीने अर्ध्या सिलिंडरांचं इंधन तोडायचा. त्या सिलिंडरांतून नुसती हवा फिरून इंजिन निवायचं आणि गाडी हळूहळू का होईना, आसऱ्याला पोचायची. मोजायची जागा बदलली तर हा प्रश्न सुटतो. काटा मोकळा सोडून सुटत नाही.

मामा : दोन्ही करा की. कुणी अडवलंय?

भाची : आता माझं ऐका. थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत कुणाची? गाडी जरा गरम झाली की आपल्या गॅरेजांत पहिलं काम तेच करतात. थर्मोस्टॅट काढून कोपऱ्यात फेकायचा आणि मालकाला सांगायचं, आता कधी गरम होणार नाही.

मामा : मी नाही करत. पण करतात, खरं आहे.

भाची : त्याने काय होतं? मेणाच्या त्या छोट्या गोळीवर चालणारी झडप पाण्याला इंजिनमध्येच फिरवत ठेवते, म्हणून इंजिन लवकर तापतं आणि योग्य तापमानाला राहतं. ती काढली की पाणी सतत रेडिएटरमधून जातं, इंजिन थंडच चालतं. संगणकाला वाटतं गाडी अजून तापलेली नाही, तो जास्त इंधन देत राहतो. अॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये इंधन आणि ओल उतरते, इंजिन लवकर झिजतं. माणसांना काटा खाली दिसला की बरं वाटतं, हे शिक्षण तुमच्या त्या मोकळ्या काट्यानेच दिलं. इंजिनला थंड राहायचं नसतं, ठरलेल्या तापमानाला राहायचं असतं.

मामा : बरोबर. पण थर्मोस्टॅट उघडाच अडकला आणि गाडी ७६ अंशांवर चालत राहिली, तर तुझा काटा कुठे असेल?

भाची : मधोमध.

मामा : म्हणजे मालक पेट्रोल जाळत राहणार, आणि मीटर सांगणार सगळं ठीक आहे.

भाची : इंजिनचा संगणक नोंद करतो. ठरावीक वेळात पाणी पुरेसं तापलं नाही की बिघाडाचा क्रमांक साठवतो आणि इंजिनचा पिवळा दिवा लावतो.

मामा : संगणकाला कळतं. म्हणजे गाडीला माहीत आहे.

भाची : अंशापर्यंत माहीत आहे. स्टिअरिंगखालच्या जोडणीला स्कॅनर लावला की दिसतं. संगणक एक संख्या पाठवतो, ० ते २५५ मधली. तिच्यातून ४० वजा केले की पाण्याचं तापमान सेल्सियसमध्ये मिळतं. एक अंशाच्या टप्प्याने. आता ब्लूटूथचं छोटं यंत्र लावून फोनवरही बघता येतं.

मामा : मग मला सांग, गाडीला आकडा माहीत आहे, गॅरेजवाल्याला यंत्र लावून तो दिसतो, आणि ज्याने गाडीचे पैसे भरले त्याला फक्त काटा मधोमध दाखवायचा. हे कुठल्या न्यायात बसतं?

या प्रश्नावर माझ्या मुलीने जे उत्तर दिलं ते तिच्या बाजूचं सगळ्यात चांगलं उत्तर होतं, म्हणून तेही पूर्ण देते.

भाची : आकडा दाखवण्यात चूक काहीच नाही. पण आकडा एकटा काही सांगत नाही. घाटात १०४ दिसले तर तुम्ही काय कराल? तुम्ही काही करणार नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे. पण आईला विचारा. ती म्हणेल, पाणी शंभरला उकळतं, मग हे उकळलंय. ती घाबरून अवघड वळणावर गाडी थांबवेल आणि झाकण उघडायला जाईल. रेडिएटर म्हणजे बंद कुकर आहे, मामा. झाकणावर साधारण एक बारचा दाब असतो. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांना उकळतं. अर्धं कूलंट आणि अर्धं पाणी असेल तर उकळायला १२५-१३० लागतात. म्हणून १०४ हा आकडा काही भीतीचा नाही. पण तेच झाकण सैल असेल, त्याचं रबर फाटलेलं असेल, तर दाब धरत नाही आणि तोच आकडा धोक्याजवळ येतो. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ लाच उकळतं. आकड्याचा अर्थ झाकणावर ठरतो, कूलंटवर ठरतो. रस्त्यावरच्या लाख माणसांपैकी कितीजण एवढा विचार करतील? आम्ही मीटर बनवतो ते त्या सगळ्यांसाठी. म्हणून आम्ही मोजमाप देत नाही, निकाल देतो. ठीक, किंवा थांबा.

मामा : आणि छोट्या गाड्यांतून तो काटाही काढून टाकला. नुसता दिवा.

भाची : दिवा वाईट नाही. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, गाडी जोरात हाणू नका. विझला म्हणजे तयार. लाल म्हणजे थांबा. लाल दिव्यासोबत बझरही वाजतो. खरं सांगा, चालवताना किती लोक तापमानाच्या काट्याकडे बघतात? दिवा स्वतः लक्ष वेधून घेतो. काटा घेत नाही.

मामा : लाल दिवा लागेपर्यंत इंजिन कुठे पोचलेलं असतं ते मी उघडून बघितलंय. तू म्हणतेस तो निकाल आहे. पण निकाल लागल्यावर काही करता येत नाही. करायचं असतं ते आधी.

मी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला वाटलं ते सांगितलं. तिचं म्हणणं की सगळ्यांना आकडा समजणार नाही, ते खरं आहे. पण त्यावरून आकडा कुणालाच दाखवायचा नाही, हे सिद्ध होत नाही. काटा मधोमध राहू दे, लाल दिवा असू दे, आणि ज्याला हवं त्याने स्टिअरिंगवरचं बटण दाबून अॅव्हरेज किंवा उरलेलं अंतर बघतो तसं पाण्याचं तापमान बघावं. त्याला वेगळा सेन्सर लागत नाही. आकडा आधीच तारेतून फिरतो आहे. तिने कबूल केलं की तंत्राची अडचण काहीच नाही. अडचण निर्णयाची आहे.

डॅशबोर्डवरचा दुसरा तापमानाचा आकडा मात्र सगळ्यांना दिसतो, आणि त्यानेही गोंधळ होतो. बाहेरच्या हवेचा. अकोल्याच्या, नागपूरच्या नातेवाइकांकडून उन्हाळ्यात फोटो येतात : गाडी ४९ दाखवते, वेधशाळा ४५ सांगते, वेधशाळा लपवते का? मुलीने सांगितलं की वेधशाळा काही लपवत नाही. गाडीचा तो सेन्सर पुढच्या बंपरमागे, रस्त्यापासून वीतभर-दोन वीत वर असतो. खाली तापलेलं डांबर, मागे रेडिएटर आणि इंजिन. उन्हात उभ्या गाडीत तो स्वतःच भाजतो. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, खेळत्या हवेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. म्हणून चांगल्या गाड्यांचा प्रोग्रॅम असा असतो की आकडा खाली लगेच येतो, पण वर चढायला गाडी काही वेगाने चालत असावी लागते. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर दिसणारा आकडा बराचसा विश्वासाचा.

पण मामा इथेही गप्प बसला नाही. म्हणाला, वेधशाळेचं यंत्रही चुकतंच की. आणि ते खरं आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. बातमी देशभर गेली. मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले होते, तिथेही सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता. फरक एवढाच की तिथे आकडा उघड होता, शेजारच्या केंद्रांशी ताडून बघता आला, आणि म्हणून चूक पकडली गेली. आकडा दाखवलाच नसता तर ती पकडायची कुणी? माझ्या मते ही गोष्ट मामाच्याच बाजूने साक्ष देते.

शेवटी दोघांना मी एकच विचारलं : माझ्यासारखीने काय करायचं? तेव्हा मात्र त्यांची उत्तरं एक झाली. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, बॉनेट उघडून कूलंटच्या पांढऱ्या टाकीतली पातळी बघायची, दोन खुणांच्या मधे आहे ना. पातळी वरचेवर उतरत असेल तर नुसतं भरत बसायचं नाही, गळती शोधायची. कूलंट एकदा बदलून घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत पुन्हा बघायची, कारण आत हवा अडकलेली असेल तर सेन्सर आणि काटा दोन्ही फसतात. घाटात काटा वर सरकला आणि वाफ नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करायचा, काचा खाली घ्यायच्या आणि सुरक्षित जागा बघून थांबायचं. हीटर इंजिनची उष्णता गाडीत ओढून घेतो. त्या हीटरमधून गरमऐवजी थंड हवा येऊ लागली तर बहुधा पाणी गेलं आहे, लगेच इंजिन बंद करायचं. काटा अचानक पडला तरी तेच. आणि गरम इंजिनचं झाकण कुणी कितीही घाई केली तरी उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी त्या क्षणी वाफ होऊन हातावर, तोंडावर येतं.

नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि स्क्रीनचा आकार विचारून झाला की आणखी एक प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा : इंजिनच्या पाण्याचं तापमान आकड्यात कुठे दिसतं? उत्तर नाही असं आलं तर ते कंपनीला लेखी कळवा. मीटर बनवणारी माझी मुलगी म्हणते, असं विचारणारे पुरेसे झाले तर तो आकडा पुढच्या मॉडेलमध्ये येईल.